‘ताई, ह्यात तुम्हाला काय मिळतंय?’

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या बचत गटांच्या प्रतिनिधींची मासिक सभा समाजमंदिरात भरली होती. हजेरी झाली, बचत जमा झाली, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं. ‘ऐनवेळचे विषय’ असं मी वहीत लिहीत होते, तेवढ्यात मागच्या ओळीतून एक मावशी उठल्या. वय पंचावन्नच्या पुढे, शेतमजुरी करतात, सभेत सहसा बोलत नाहीत. म्हणाल्या, “ताई, तुम्ही ग्रुपवर खात्याची लिंक टाकली होती ना, तिच्यावर मी खातं काढलं. आता कार्डाचे म्हणून पाचशेच्या वर कापलेत. माझी पोरगी म्हणते, लिंक पाठवणाऱ्याला पैसे मिळतात. खरं का ते? ह्यात तुम्हाला काय मिळतंय?”

मी म्हणाले, “मावशी, तुमच्या सगळ्यांच्या सोयीसाठी टाकली होती.” हे खोटं नव्हतं. बँकेची शाखा गावापासून अठरा किलोमीटरवर, एका खात्यासाठी दोन दोन दिवसांची मजुरी बुडते, मोबाईलवर खातं निघतंय तर बायकांची पायपीट वाचेल, असं मला खरंच वाटलं होतं. पण हे पूर्ण खरंही नव्हतं. त्या लिंकवरून तेवीस जणींनी खाती काढली होती आणि प्रत्येकीमागे शंभर रुपये, म्हणजे दोन हजार तीनशे रुपये, माझ्या खात्यात जमा झाले होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं. सांगायला हवं असं मनातच आलं नाही. आज मला वाटतं, ते मनातच आलं नाही ही गोष्ट लपवण्यापेक्षा अधिक गंभीर आहे. मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आहे. ‘लोकांचा विश्वास हेच कार्यकर्तीचं भांडवल’ हे वाक्य परीक्षेत मी किती वेळा लिहिलं असेल!

हा लेख त्या प्रश्नातून आला आहे. तो प्रश्न माझ्या एकटीपुरता नाही, म्हणून तो इथे मांडते आहे. आज क्वचितच एखादा गट, मंडळ किंवा महिला संघटना असेल जिचा मोबाईलवर ग्रुप नाही. आणि ज्यात अशा लिंका येत नाहीत असे ग्रुप त्याहूनही थोडे. खात्याची लिंक, विम्याची लिंक, साड्यांच्या दुकानाची, ऑनलाइन क्लासची, कर्जाची लिंक. खाली लिहिलेलं असतं, ‘मैत्रिणींनो, मी वापरून पाहिलं, छान आहे, तुम्हीही घ्या.’ यातल्या किती लिंकांखाली ‘तुम्ही घेतलंत तर मला इतके रुपये मिळतील’ असं लिहिलेलं आपण पाहिलं आहे?

लिंक म्हणजे नेमकं काय

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कंपनी मला जी लिंक देते तिच्या शेवटी काही अक्षरं आणि आकडे असतात. ती माझी खूण. त्या लिंकवर बोट ठेवून कुणी खातं काढलं किंवा वस्तू घेतली की ती कुणाच्या सांगण्यावरून आली हे कंपनीला कळतं आणि ठरलेली रक्कम माझ्याकडे येते. कधी रोख, कधी कूपन, कधी ‘पॉइंट’. म्हणजे या व्यवहारात तीन बाजू आहेत: कंपनी, लिंक पाठवणारी आणि लिंक उघडणारी. पहिल्या दोघींना सगळं माहीत असतं. जिचे पैसे जाणार, जिचा आधार क्रमांक जाणार, तिलाच फक्त माहीत नसतं की आपल्या मैत्रिणीचं ‘छान आहे’ हे विकत घेतलेलं आहे.

सर्वच योजना अशा आडपडद्याने चालतात असं नाही. ‘तेज’ नावाचं पैसे पाठवायचं ॲप २०१७ मध्ये आलं, तेव्हा आणणाऱ्याला ५१ रुपये आणि येणाऱ्यालाही ५१ रुपये असा सरळ मामला होता. ‘माझ्या लिंकवरून घे, दोघींना मिळतील’ असं बायका एकमेकींना मोकळेपणी सांगत. त्यात फसवणूक नव्हती, कारण दोघींना हिशोब माहीत होता. मुद्दा पैसे मिळण्याचा नाही, ते न सांगण्याचा आहे.

‘बाईने चार पैसे मिळवले तर बिघडलं कुठे?’

हा आक्षेप मला आमच्याच संघटनेतल्या मैत्रिणींनी घेतला. त्या म्हणाल्या, पुरुष दलाली करतात, जमिनीच्या व्यवहारात दोन्हीकडून टक्के खातात, तेव्हा कुणी लेख लिहीत नाही. बाईने घरबसल्या मोबाईलवर शंभर रुपये मिळवले की लगेच नैतिकतेचे धडे. तिचं घरातलं काम बिनपैशाचं, शेतातली मजुरी पुरुषापेक्षा कमी, आणि आता हे शंभर रुपयेही तुम्ही काढून घेणार का?

आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे. कमिशन घेणं हे पाप आहे असं मी म्हणत नाही. पोस्टाच्या आवर्ती ठेवीसाठी १९७२ पासून ‘महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना’ चालू आहे. तिच्या एजंट बायका दारोदार फिरून लोकांची बचत पोस्टात भरतात आणि त्यांना त्यावर ४ टक्के कमिशन मिळतं. कित्येक घरं त्या कमिशनवर उभी राहिली, मुलींची शिक्षणं झाली. पण ती बाई एजंट म्हणूनच दारात येते. तिच्याकडे अधिकृत नेमणूक असते. तिचं कमिशन सरकार देतं, ठेवीदाराच्या पैशातून ते कापलं जात नाही, आणि ठेवीवरचं व्याज एजंटाकडून भरा नाहीतर स्वतः पोस्टात जाऊन भरा, सारखंच. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्यासाठी अंगणवाडी सेविकांना पात्र अर्जामागे ५० रुपये द्यायचं शासनाने जाहीर केलं, तेही उघडपणे. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट कष्टाच्या मानाने रक्कम फार थोडी आहे असंच आपण म्हणालो.

तेव्हा कमिशन घ्या, जरूर घ्या. पण एजंट म्हणून दारात या. मैत्रीण म्हणून आत यायचं, चहा घ्यायचा, सुखदुःख विचारायचं आणि जाताना कंपनीचं काम करून जायचं, हे चालणार नाही. ज्या दिवशी ‘ताई सांगते ते आपल्या भल्याचं’ आणि ‘ताई सांगते ते तिच्या कमिशनचं’ यातला फरक बायकांना ओळखता येणार नाही, त्या दिवशी लसीकरणाबद्दल, हिंसाचाराच्या तक्रारीबद्दल, वारसा हक्काबद्दल ताई जे सांगेल त्यावरही त्यांचा विश्वास उरणार नाही. नुकसान दोन हजार तीनशे रुपयांचं नसतं.

तारण कुणाचं, कमाई कुणाची

आपल्या चळवळीने जमवलेली सर्वांत मोठी पुंजी कोणती असेल तर ती म्हणजे बायकांचा एकमेकींवरचा विश्वास. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला. ज्या बाईच्या नावावर ना घर ना शेत, तिला बँक पूर्वी दारात उभी करत नव्हती. गटाला मात्र तिने तारणाशिवाय कर्ज दिलं, कारण एकमेकींसाठी उभं राहणं हेच गटाचं तारण. हे तारण कुणा बँकेने निर्माण केलेलं नाही. रात्री अपरात्री दवाखान्यात बसून, पोलीस ठाण्याच्या बाकावर दिवस काढून, नवऱ्याच्या शिव्या खाऊन सभेला येऊन ते बायकांनीच उभं केलं.

आज कंपन्यांना हेच तारण हवं आहे, तेही फुकटात. गावात फलक लावायचा, माणूस नेमायचा तर पगार द्यावा लागतो, तक्रार आली तर उत्तर द्यावं लागतं. त्यापेक्षा ताईला माणशी शंभर रुपये दिले की काम होतं. तक्रार आली तर ती ताईच्या दारात येते. मावशी माझ्याकडे आल्या, कंपनीकडे नाही. कार्डाचे पैसे का कापले हे मला सांगता येईना. ग्राहक सेवेच्या नंबरवर मी चाळीस मिनिटं यंत्राचा आवाज ऐकला. मग माझ्या लक्षात आलं की त्या कंपनीच्या लेखी मी एजंटसुद्धा नव्हते. एजंटाला करार असतो, हक्क असतो. मी बिनपगारी हरकाम्या होते. शंभर रुपये मला मिळाले, पण शोषण माझंही झालं आणि ते करताना मी इतर तेवीस जणींना त्यात ओढलं.

कुणाची लिंक चालते?

पारदर्शकतेबरोबर दुसरा प्रश्न न्यायाचा आहे आणि तो आपण अजिबात विचारत नाही. मी लिंक टाकल्यानंतर दोन दिवसांनी आमच्याच ग्रुपमधल्या एका बाईने त्याच खात्याची स्वतःची लिंक टाकली. ती चार घरी धुणीभांडी करते, नवरा आजारी आहे. तिच्या लिंकवर एकीनेही खातं काढलं नाही. एकीने खाली लिहिलं, ‘ताईंनी आधीच पाठवली आहे.’ मी स्वतः काय केलं? ग्रुपवर फार जाहिराती होतात म्हणून दुसऱ्या दिवशी नियम जाहीर केला, ‘कृपया कुणी लिंक टाकू नये.’ ॲडमिन मीच. माझी लिंक ‘माहिती’, तिची लिंक ‘जाहिरात’!

पगार असलेल्या, पदवी असलेल्या, ग्रुप चालवणाऱ्या बाईच्या शब्दाला वजन असतं. ते वजन तिला पदामुळे मिळालेलं असतं, जातीमुळे, भाषेमुळे मिळालेलं असतं. त्या वजनाचे पैसे करायचे आणि जिला पैशाची खरी गरज आहे तिचं तोंड बंद करायचं, याला काय म्हणायचं? सावकाराच्या, सरपंचाच्या बाबतीत आपण याला सत्तेचा गैरवापर म्हणतो. स्वतःच्या बाबतीत आपण त्याला ‘ग्रुपची शिस्त’ म्हणतो.

साखळी आणि कर्ज

काही लिंका इथेच थांबत नाहीत. ‘आधी इतके भरा, मग तीन जणी आणा, त्या प्रत्येकीने तीन जणी आणल्या की तुम्हाला अमुक मिळेल’ अशी साखळी सुरू होते. त्यात लिंक पाठवणाऱ्या बाईला दोष देऊन भागत नाही; तिचे भरलेले पैसे अडकलेले असतात आणि ते सोडवायचे तर पुढची बाई आणावीच लागते. नणंद, जाऊ, शेजारीण, शाळेतली मैत्रीण असं करत नाती संपतात तेव्हा साखळी तुटते. सर्वांत शेवटी आलेल्या, म्हणजे सर्वांत गरीब आणि सर्वांत कमी माहिती असलेल्या बायका बुडतात. अशा पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. थेट विक्रीसंबंधीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड पद्धतीच्या योजनांना मनाई केली आहे. ओळखायची खूण साधी आहे. कमाई माल विकून होते की माणसं आणून? माणसं आणून होत असेल तर ती लिंक पुसून टाका आणि पाठवणारीशी एकट्याने बोला. तिलाही मदतीची गरज असते.

कर्जाच्या लिंकेबद्दल मात्र माझं मत अगदी स्पष्ट आहे: ती ग्रुपवर येताच कामा नये. पाच हजार मागितले, हातात साडेतीन आले, आठव्या दिवशी पाच हजारांचा तगादा, आणि मग मोबाईलमधल्या सगळ्या नंबरांवर बदनामीचे फोन, फोटोंची मोडतोड. अशा प्रकरणात कोसळलेल्या बायकांसोबत आपल्यापैकी अनेकजणी बसलेल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये यासाठी नियम केले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात आली पाहिजे, एकूण खर्च सांगणारं पत्रक आधी दिलं पाहिजे, कर्जाच्या ॲपने मोबाईलमधले नंबर आणि फोटो उचलता कामा नयेत, असं त्यात आहे. पण हे नियम कर्ज घेणारीला कोण सांगतं? तिला तर एवढंच दिसतं की लिंक वहिनीने पाठवली आहे, म्हणजे चांगलीच असणार.

कायदा आणि आपली वही

शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी आर्थिक संबंध असेल आणि ऐकणाऱ्याला तो सहज कळण्यासारखा नसेल तर तो पूर्णपणे उघड केला पाहिजे, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे. २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ युक्त्यांची यादी जाहीर झाली, तिच्यात ‘छुपी जाहिरात’ आहे. हे नियम करताना डोळ्यांसमोर नटनट्या आणि लाखो चाहते असलेली मंडळी होती हे उघड आहे. आपल्या दीडदोनशे बायकांच्या ग्रुपवर कुणी अधिकारी येऊन पाहणार नाही.

पण आपल्याला हे शिकायला प्राधिकरणाची गरज का पडावी? बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित नोंदी हे एक सूत्र आहे. दहा रुपयांचा दंड वहीत लिहिला जातो, चहापाण्याचा खर्च सभेत वाचून दाखवला जातो. अध्यक्षेने गटाच्या पैशातून रिक्षाचं भाडं घेतलं तर ती ते सांगते. मग गटाच्या विश्वासातून मिळालेले दोन हजार तीनशे वहीबाहेर कसे राहिले?

पुढच्या सभेत मी ती रक्कम वहीत लिहिली आणि उभी राहून सगळं सांगितलं. सोपं नव्हतं. दोघी-तिघी म्हणाल्या, “जाऊ द्या ना ताई, एवढं काय त्यात.” एक जण नाराज झाली, म्हणाली, “म्हणजे आता आम्हीही सांगायचं का?” बरीच वादावादी झाली. त्या तेवीस जणींना त्यांचे शंभर-शंभर परत करावेत असं शेवटी ठरलं. मावशींच्या हातात मी शंभराची नोट दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, “शंभराचं नाही ताई. तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, ह्यात पैसे कापतात का म्हणून. तुम्ही सोयीसाठी सांगताय असं वाटलं, म्हणून विचारलं नाही.”

ह्यापेक्षा नेमकं मला मांडता आलं नसतं. सांगितल्याने समोरच्या बाईला प्रश्न विचारायची मुभा मिळते. न सांगितल्याने आपण तिचा प्रश्नच काढून घेतो.

त्या सभेत आम्ही ठराव केला. तो परिपूर्ण आहे असा दावा नाही, पण चर्चेला सुरुवात म्हणून देते.

१. लिंक टाकणारीने त्याच संदेशात, लिंकच्या आधी, मराठीत लिहावं की तिला काय आणि किती मिळणार आहे. लिंकशिवाय तीच गोष्ट कशी घ्यायची तेही लिहावं.

२. ॲडमिन, गटाच्या पदाधिकारी आणि संस्थेच्या पगारी कार्यकर्त्या यांनी स्वतःची लिंक ग्रुपवर टाकू नये. माहिती द्यायची असेल तर बिनखुणेची द्यावी.

३. लिंकांसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशी प्रत्येकीला टाकायचा सारखा हक्क असावा. एकीची ठेवायची, दुसरीची पुसायची, असं होऊ नये.

४. कर्ज, जुगाराचे खेळ आणि माणसं आणायच्या साखळ्या यांच्या लिंका कुणीही टाकू नयेत.

५. कुणाचं नुकसान झालं तर लिंक पाठवणारीने तक्रार करायला सोबत जावं. ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५, पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०, हे दोन्ही क्रमांक ग्रुपच्या माहितीत कायम लिहिलेले असावेत.

शेवटी आपल्या संस्थांबद्दल. विमा कंपनीने, मोबाईल कंपनीने ‘महिला सक्षमीकरणाचा’ कार्यक्रम घ्यायला पैसे दिले आणि आपण मेळाव्यात त्यांचे अर्ज वाटले, असं आपल्यापैकी कितीजणींच्या संस्थेत घडलं आहे? त्या मेळाव्याच्या फलकावर ‘या अर्जांमागे संस्थेला इतकी रक्कम मिळते’ असं लिहिलं होतं का? एका बाईच्या शंभर रुपयांवर बोट ठेवायचं आणि संस्थेच्या करारांबद्दल गप्प बसायचं, असं होणार असेल तर माझा हा लेख फाडून टाकलेला बरा. सुरुवात वरून व्हायला हवी, आणि वर आपणच बसलो आहोत.

मैत्रिणींनो, आपल्या पुढच्या सभेत हा विषय ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून नको, पहिला विषय म्हणून घ्या. त्यावर वाद होईल, होऊ द्या. आणि काय ठरलं ते जरूर कळवा, विरोधी मतं असतील तर तीही.